सहीशिवाय सुटका

११ फेब्रुवारी १९८६ च्या सकाळी बर्लिनच्या नैर्ऋत्य टोकाला, ग्लिनिके पुलावर, कैद्यांची अदलाबदल झाली. अमेरिकेच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्यांनी त्याआधी एक अट शेवटपर्यंत लावून धरली होती. अनातोली श्चारान्स्की एकटे चालत येतील आणि बाकीचे त्यांच्यानंतर वेगळे येतील, अशी ती अट. बाकीचे म्हणजे दोन्हीकडचे हेर. सोविएत न्यायालयाने १९७८ मध्ये श्चारान्स्कींना अमेरिकेचा हेर ठरवून १३ वर्षांची शिक्षा दिली होती. इस्राएलला जाऊ इच्छिणाऱ्या ज्यूंना परवानगी मिळावी आणि हेलसिंकी कराराने कबूल केलेले मानवी हक्क पाळले जावेत, एवढ्यासाठी झगडणारा तो एक तरुण गणितज्ञ होता. त्याला हेरांच्या रांगेत उभं करून पलीकडे नेलं असतं, तर न्यायालयाला जे सिद्ध करता आलं नव्हतं ते त्या पुलावर साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर आपोआप सिद्ध झाल्यासारखं दिसलं असतं. म्हणून श्चारान्स्की आधी आले आणि सुमारे अर्ध्या तासानंतर हेरांची पाळी आली.

त्या अर्ध्या तासाचं मोल मला फार वाटतं. माणसाला सोडवून आणणं हे एक काम आहे. तो कोण म्हणून सुटला हे सांभाळणं हे दुसरं काम, आणि अशा व्यवहारांच्या इतिहासात ते बहुतेक वेळा राहून गेलं आहे.

श्चारान्स्कींनी स्वतः ते आदल्या दिवशीच सुरू केलं होतं. मॉस्कोत विमानात चढवताना त्यांचं स्तोत्रांचं छोटं पुस्तक काढून घेतलं गेलं. बायकोने, आविताल यांनी, दिलेलं ते पुस्तक त्यांनी तुरुंगात जिवापाड जपलं होतं. ते बर्फात आडवे झाले आणि पुस्तक मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. पुस्तक परत मिळालं. विमानात त्यांना सांगण्यात आलं की सोविएत नागरिकाला न शोभणाऱ्या वर्तनामुळे त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं आहे. पूर्व जर्मनीत उतरल्यावर हुकूम झाला, ती समोर गाडी दिसते तिच्याकडे सरळ चालत जायचं. श्चारान्स्की नागमोडी चालत गेले. केजीबीशी कुठल्याच गोष्टीत सहमत व्हायचं नाही असं त्यांनी नऊ वर्षं पाळलं होतं, ते शेवटच्या काही पावलांत कशाला मोडायचं? पुलावर अमेरिकेचे राजदूत रिचर्ड बर्ट त्यांच्याबरोबर होते. दिलेली विजार फार ढगळ होती, पट्टा नव्हता, कमरेला दोरी होती. सीमा नेमकी कुठे आहे हे त्यांनी विचारून घेतलं आणि ती रेघ उडी मारून ओलांडली.

पण मला त्या उडीपेक्षा १९८३ सालची गोष्ट मोठी वाटते. माद्रिदमध्ये तेव्हा अमेरिका आणि सोविएत प्रतिनिधींत बोलणी चालू होती. तिथून निरोप निघाला की श्चारान्स्कींनी प्रकृतीच्या कारणावरून सुटकेची विनंती लिहून दिली तर त्यांना सोडण्यात येईल. हेरगिरी कबूल करायची नव्हती, माफी मागायची नव्हती, फक्त प्रकृतीचं कारण लिहून सही करायची होती. आदल्या वर्षी, पत्रं अडवल्याच्या निषेधार्थ सुरू केलेल्या ११० दिवसांच्या उपोषणात त्यांचं हृदय कमकुवत झालेलं होतं, म्हणजे कारणही खोटं नव्हतं. त्यांनी अर्ज लिहिला नाही. पुढची जवळजवळ तीन वर्षं ते आत राहिले.

अशा सहीचा अर्थ मला पुस्तकांच्या आधी घरात कळला. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सातारा जिल्ह्यातल्या एका गावी शाळामास्तर होते, राष्ट्र सेवा दलात वाढलेले. आणीबाणीत त्यांना मिसाखाली स्थानबद्ध केलं. काही महिन्यांनी आईपर्यंत निरोप आला की सरकारच्या कार्यक्रमाला पाठिंबा असल्याचं आणि पुढे कुठल्याही चळवळीत भाग घेणार नसल्याचं हमीपत्र लिहून दिलं, तर मास्तर घरी येतील. पगार थांबलेला, धाकटा भाऊ दुसरीत. आई भेटीला गेली तेव्हा तिने निरोप सांगितला आणि स्वतःचं मत सांगितलं नाही. दादांनी सही केली नाही. त्यांच्याच बराकीतल्या काहींनी केली, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचं दुकान बुडालेलं. त्या माणसांबद्दल आमच्या घरात कधी वाकडा शब्द निघाला नाही. पुढे निवडणुका जाहीर झाल्या, दादा सुटले, एसटीने गावी आले आणि पुन्हा त्याच शाळेत त्याच फळ्यासमोर उभे राहिले. ते परत येणं किती मोठी गोष्ट होती हे मला तेव्हा कळलं नाही. अदलाबदलीत सुटलेल्यांच्या आठवणी वाचायला लागले तेव्हा कळलं.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि तीच भाषा शिकवत निवृत्त झाले. आता वर्षातला बराच काळ मुलाकडे पोट्सडामला असते. तिथून ९३ नंबरची ट्राम पकडली की तिचा शेवटचा थांबा म्हणजे ग्लिनिके पूल. हाफेल नदीवरचा हा पोलादी पूल १९०७ चा. १९४५ च्या एप्रिलात तो पडला, १९४९ मध्ये दुरुस्त होऊन उघडला आणि पूर्व जर्मनीने त्याचं नाव ‘एकतेचा पूल’ ठेवलं. तीन वर्षांत तो सामान्य माणसांना बंद झाला. मधोमध पांढरी रेघ आली आणि दोस्त राष्ट्रांच्या लष्करी पथकांच्या गाड्यांपुरतीच वाहतूक उरली. दोन्ही बाजू आपापला अर्धा पूल आपापल्या रंगाने रंगवायच्या. हिरव्या रंगाच्या दोन छटा आजही मधोमध एकमेकींना भिडलेल्या दिसतात.

सिनेमांमुळे लोकांना वाटतं की या पुलावर सतत माणसं बदलली जात होती. प्रत्यक्षात अशी अदलाबदल तीनदाच झाली: १९६२, १९८५ आणि १९८६. पहिल्या वेळी सोविएत हेर रुडॉल्फ आबेल आणि अमेरिकेचा टेहळणी वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांची. त्याच सकाळी शहराच्या मध्यभागी, चेकपॉइंट चार्लीवर, फ्रेडरिक प्रायर नावाचा अर्थशास्त्राचा एक अमेरिकन विद्यार्थी सुटला. तो हेर नव्हता. त्याला धरून ठेवलेलं होतं म्हणून तो व्यवहारात आला, एवढंच. हेरांच्या हिशेबात हेर नसलेली माणसं कशी ओढली जातात याचा तो पहिला मोठा दाखला होता.

प्रायरच्या आईवडिलांनी ज्या वकिलाला गाठलं होतं त्याचं नाव वोल्फगांग फोगेल. हा पूर्व बर्लिनचा वकील, पण पश्चिमेतही वकिली करण्याचा परवाना असलेला. पुढची जवळजवळ तीस वर्षं अशा अनेक मोठ्या व्यवहारांत त्याचा हात होता. हेरांच्या अदलाबदलीमुळे त्याचं नाव जगभर झालं, पण त्याचं खरं काम त्याहून कितीतरी मोठं आणि गुपचूप चाललेलं होतं. १९६३ पासून १९८९ पर्यंत पश्चिम जर्मनीने पूर्व जर्मनीच्या तुरुंगांतले सुमारे ३३ हजार ७०० राजबंदी पैसे मोजून सोडवले. सुरुवातीला माणशी साधारण ४० हजार मार्क पडत. १९७७ नंतर दर ठरून गेला, ९५ हजार ८४७ मार्क. रोकड कमी, माल जास्त: कॉफी, तांबं, खनिज तेल, औद्योगिक हिरे. माल जायचा प्रोटेस्टंट चर्चच्या सेवासंस्थेच्या नावावर. सगळा हिशेब तीन अब्ज मार्कांच्या पुढे गेला.

यात पूर्व जर्मनीने कसली तळमळ दाखवली असं कुणी समजू नये. हे राज्य स्वतःच्या नागरिकांना पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल तुरुंगात टाकायचं आणि मग त्यांच्यावर परकीय चलन कमवायचं. पश्चिमेतल्या टीकाकारांनी तेव्हाच विचारलं होतं की दर ठरवून आपण अटकेला उत्तेजन तर देत नाही ना? प्रश्न रास्त होता आणि त्याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर कधी मिळालं नाही. तरीही बॉनमधल्या प्रत्येक सरकारने, उजव्या आणि डाव्या दोन्ही, हे काम चालू ठेवलं. मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. कोठडीतल्या माणसासमोर उभं राहून ‘तुला सोडवलं तर चुकीचा पायंडा पडेल’ असं सांगायला जी छाती लागते ती कुणाजवळ नसावी हेच चांगलं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. हंगेरीतून पळून जाताना त्या विशीत पकडल्या गेल्या आणि पुढे अशाच विकल्या गेल्या. त्या सांगतात, शेवटचे काही आठवडे कार्ल-मार्क्स-श्टाट शहरातल्या कासबेर्गच्या तुरुंगात काढले. तिथे एकाएकी जेवण सुधारलं, लोणी आलं, फळं आली. पलीकडे उतरताना कैदी खंगलेले दिसू नयेत म्हणून ही बडदास्त. मग एक दिवस बस आली आणि गीसनच्या छावणीकडे निघाली. सीमा ओलांडेपर्यंत बसमध्ये कुणी तोंड उघडलं नाही आणि ओलांडल्यावर कुणी बसायला तयार नव्हतं. आजींना जायचंच होतं. त्यासाठीच तर त्या पकडल्या गेल्या होत्या. त्यांच्यासाठी ती बस म्हणजे निव्वळ सुटका होती आणि त्या ते अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. श्चारान्स्कींनाही जायचं होतं, बायको त्यांची जेरुसलेमला वाट पाहत होती. दोघांचं उदाहरण मी मुद्दाम आधी दिलं, कारण ज्यांना जायचंच नव्हतं त्यांची गोष्ट निराळी आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

व्लादिमिर बुकोव्स्कींना जायचंय की नाही हे कुणी विचारलंच नाही. विशीपासून तुरुंग, श्रमछावण्या आणि मनोरुग्णालयं अशी बारा वर्षं त्यांनी काढली होती. सरकारला विरोध करणाऱ्या धडधाकट माणसांना वेडे ठरवून औषधं टोचली जातात, याचे कागद त्यांनी १९७१ मध्ये पश्चिमेत पोचवले होते आणि त्याच्या पुढच्याच वर्षी सात वर्षांचा कारावास आणि त्यानंतर पाच वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा ओढवून घेतली होती. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांना व्लादिमिरच्या तुरुंगातून काढलं, बेड्या घातल्या आणि विमानात बसवलं. आई, बहीण आणि आजारी भाचा त्याच विमानात. १८ डिसेंबरला झुरिकच्या विमानतळावर त्यांच्या बदल्यात चिलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस लुइस कोर्वालान सोविएत संघाच्या ताब्यात आले. पिनोशेच्या लष्करी उठावानंतर कोर्वालान तीन वर्षं कैदेत होते, काही काळ दक्षिण टोकाच्या डॉसन बेटावर.

या अदलाबदलीचं वेगळेपण असं की तिच्यात हेर कुणीच नव्हता. दोघेही राजबंदी. एक कम्युनिस्ट राजवटीचा, एक कम्युनिस्टविरोधी राजवटीचा. अमेरिकेने मध्यस्थी केली आणि दोन हुकूमशाह्यांनी आपापला नकोसा माणूस एकमेकींना दिला. सोविएत वृत्तपत्रांनी कोर्वालान यांच्या सुटकेचा उत्सव केला. बुकोव्स्कींची शिक्षा मात्र रद्द झाली नव्हती. त्यांना बेड्या काढून बाहेर सोडलं, बस्स. एक कैदी कैदीच राहून परदेशात गेला.

त्या डिसेंबरात दादा आत होते. मी कॉलेजात होते आणि आठवड्यातून काही संध्याकाळी रशियन व्याकरणाशी झटत होते. वृत्तपत्रांत आपल्याकडच्या बंद्यांबद्दल ओळ येत नसे, पण परदेशची बातमी छापून यायला अडचण नव्हती. झुरिकची बातमी मी तशीच वाचली, आतल्या पानावर. सोविएत सरकार आणीबाणीचं समर्थन करत होतं आणि ज्या स्वस्त, सुंदर छापलेल्या पुस्तकांतून मी ती भाषा शिकत होते त्यांत बुकोव्स्की नावाचा माणूस नव्हता. भाषा सोडून द्यावी असं मनात आलं. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, बुकोव्स्कीही हीच भाषा बोलतो. मी राहिले.

पुढच्या अदलाबदली भराभर सांगते. २७ एप्रिल १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर पाच जण आले: अलेक्सान्द्र गिंझबुर्ग, युक्रेनी इतिहासकार वालेन्तिन मोरोझ, बाप्टिस्ट पाद्री गेओर्गी विन्स, आणि १९७० मध्ये विमान पळवून देश सोडण्याच्या प्रयत्नाबद्दल आधी फाशी सुनावले गेलेले एदुआर्द कुझ्नेत्सोव आणि मार्क दिम्शित्स. त्यांच्या बदल्यात हेरगिरीत दोषी ठरलेले, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारे दोन सोविएत कर्मचारी गेले. १९८६ च्या शरदात पत्रकार निकोलस डॅनिलोफ यांच्या अटकेवरून तिढा पडला आणि तो सुटताना सैबेरियात हद्दपार असलेले पदार्थवैज्ञानिक युरी ओर्लोव अमेरिकेत पोचले. मॉस्कोच्या हेलसिंकी गटाचे ते संस्थापक. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी, ग्लिनिके पूल सगळ्यांसाठी उघडला आणि वाटलं की हा प्रकार संपला.

जुलै २०१० मध्ये तो पुन्हा दिसला, या वेळी व्हिएन्नाच्या विमानतळावर. अमेरिकेत खोट्या नावांनी राहणाऱ्या दहा रशियन हेरांच्या बदल्यात रशियाने चार जण दिले. त्यांतले ईगर सुत्यागिन हे शस्त्रास्त्रांचे अभ्यासक होते. १९९९ पासून ते अटकेत होते आणि आपण फक्त उघड छापलेल्या साहित्यावरून लिहिलं, असं सांगत आले होते. सुटकेसाठी त्यांच्याकडून गुन्ह्याची कबुली लिहून घेतली गेली. सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. अकरा वर्षं नाकारलेला आरोप अखेरच्या दिवशी मान्य करायला लावायचा आणि मग सोडायचं, यात राजवटीला काय मिळतं? सगळं मिळतं. शरीर कुठल्या देशात आहे याची तिला फारशी फिकीर नसते. तिला कागद हवा असतो. सुत्यागिन यांच्या सहीबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. दादांनी त्यांच्या बराकीतल्यांना दिला नाही, तसाच.

१ ऑगस्ट २०२४ रोजी अंकाराला जी अदलाबदल झाली ती शीतयुद्धानंतरची सगळ्यांत मोठी. सात देशांचे कैदी तिच्यात गुंतलेले. रशिया आणि बेलारूसने सोळा जण सोडले आणि पलीकडून आठ जण मॉस्कोला गेले, त्यांतल्या एका हेर जोडप्याची दोन मुलंही. मॉस्कोला खरा हवा होता तो वादिम क्रासिकोव. त्याने ऑगस्ट २०१९ मध्ये बर्लिनच्या क्लाइनर टिअरगार्टन बागेत भरदिवसा एका चेचेन निर्वासिताचा खून केला होता आणि जर्मनीत जन्मठेप भोगत होता. मारेकऱ्याला सोडायचं की नाही यावर इथे जर्मनीत घराघरांत वाद झाले, आमच्याही घरात झाले. माझा मुलगा म्हणाला, न्यायालयाने दिलेली शिक्षा सरकारने अशी पुसून टाकणं हा न्यायाचा अपमान आहे. त्याचं म्हणणं खरं होतं. मला समोर साशा स्कोचिलेंको दिसत होती. सुपरमार्केटमधल्या किमतींच्या चिठ्ठ्या काढून तिथे युक्रेन युद्धातल्या मृतांबद्दलच्या चिठ्ठ्या लावल्या म्हणून सेंट पीटर्सबर्गच्या या चित्रकार मुलीला सात वर्षं झाली होती.

त्या विमानात व्लादिमिर कारा-मुर्झा होते. दोनदा विषप्रयोग झालेला, देशद्रोहाबद्दल २५ वर्षांची शिक्षा. इल्या याशिन होते. युक्रेनच्या बुचामधल्या हत्याकांडाबद्दल बोलले म्हणून साडेआठ वर्षं. ‘मेमोरियल’ या मानवी हक्क संस्थेचे एकाहत्तर वर्षांचे ओलेग ओर्लोव होते. दुसऱ्या दिवशी बॉनमध्ये झालेली पत्रकार परिषद मी पूर्ण ऐकली, मूळ रशियनमध्ये, आणि काही वाक्यं थांबवून पुन्हा ऐकली. सुटलेला माणूस आभार मानेल अशी लोकांची अपेक्षा असते. त्यांनी आभार मानले. पण याशिन यांनी त्याबरोबर हेही सांगितलं की मला अदलाबदलीच्या यादीत घालू नका असं मी तुरुंगातून जाहीर केलेलं होतं. माझी संमती नव्हती. ही माझी सुटका नाही, मला माझ्या देशातून बेकायदा हाकललं आहे. परत आलास तर तुरुंगात वारलेले विरोधी नेते नवाल्नी यांच्यासारखा शेवट होईल, अशी समज त्यांना देण्यात आली होती. कारा-मुर्झांनी सांगितलं की त्यांच्यासमोर दयेचा अर्ज ठेवला गेला, गुन्हा कबूल करणारा आणि पुतिन यांच्याकडे क्षमा मागणारा. त्यांनी सही करायला नकार दिला. काही दिवसांनी कोठडीचं दार उघडून त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांना वाटलं, आता गोळी घालायला नेतायत. माफी मात्र झाली, न मागितलेली. रशियाच्या राज्यघटनेचं ६१ वं कलम सांगतं की नागरिकाला देशाबाहेर घालवता येत नाही. त्या कलमाला वळसा घालून ते विमान उडालं.

विमान मॉस्को सोडताना शेजारी बसलेला सुरक्षा खात्याचा माणूस कारा-मुर्झांना म्हणाला, खिडकीतून बघून घे, मायदेशाचं हे शेवटचं दर्शन. कारा-मुर्झा शिक्षणाने इतिहासकार आहेत. त्यांनी उत्तर दिलं की मी इतिहासकार आहे आणि मी परत येणार हे मला नुसतं वाटत नाही, ठाऊक आहे.

हे बोलणं नुसतं बाणेदार नव्हतं, त्यामागे ओळखीचा एक माणूस होता. कारा-मुर्झांनी २००५ मध्ये सोविएत काळातल्या बंडखोरांवर माहितीपट केला होता आणि त्यात बुकोव्स्की होते. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुकोव्स्कींना उभं करण्याच्या प्रयत्नात कारा-मुर्झा पुढे होते. आणि बुकोव्स्की खरोखर परत गेले होते. १९९१ मध्ये ते मॉस्कोत आले. १९९२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरच्या खटल्यासाठी घटना न्यायालयाने त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं, तेव्हा हातातल्या छोट्या स्कॅनरने त्यांनी गुप्त दप्तरातले हजारो कागद टिपून घेतले. ज्यांनी त्यांना बेड्या घालून विमानात चढवलं होतं त्यांचेच ते कागद. कोर्वालानही परत गेले. १९८३ मध्ये, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून, गुपचूप, पिनोशे सत्तेवर असतानाच. विचारांनी एकमेकांचे शत्रू असलेले ते दोघे या एका बाबतीत सारखे निघाले. श्चारान्स्की १९९७ मध्ये इस्राएलचे मंत्री म्हणून मॉस्कोला आले आणि ज्यात त्यांना ठेवलं होतं तो लेफोर्तोवोचा तुरुंग बायकोला दाखवायला घेऊन गेले.

नवाल्नींना त्या विमानात जागा मिळाली नाही. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आर्क्टिकमधल्या खार्पच्या तुरुंगात ते वारले. महिनाभराने पुतिन यांनी सांगितलं की नवाल्नींना अदलाबदलीत द्यायला आपण तयार होतो, फक्त त्यांनी परत येता कामा नये एवढीच अट होती. आदल्या वर्षी नवाल्नींनी तुरुंगातून श्चारान्स्कींना पत्रं लिहिली होती, त्यांच्या आठवणींचं पुस्तक कोठडीत वाचून. नवाल्नींच्या मृत्यूनंतर ती पत्रं प्रसिद्ध झाली. १९८० च्या दशकातला कैदी आणि २०२३ चा कैदी कोठडीतली थंडी, उपासमार आणि शिक्षा यांबद्दल एकमेकांशी बोलतात, तेव्हा मध्ये काही बदललं असेल असं कुठेच जाणवत नाही.

म्हणून मला वाटतं, अदलाबदल झालीच पाहिजे. मारेकरी देऊन चित्रकार मिळत असेल तरी झाली पाहिजे, कारण खार्पमध्ये काय होतं ते आपण पाहिलं. पण सोडवून आणणाऱ्या सरकारांनी आपलं काम विमानतळावर फुलं देऊन संपलं असं समजू नये. १९८६ मध्ये अर्ध्या तासासाठी भांडणारे वाटाघाटीकार होते. तसंच आज कैद्याच्या संमतीसाठी, त्याच्या पासपोर्टसाठी, त्याच्या परतीच्या हक्कासाठी भांडणारं कुणीतरी त्या टेबलाशी हवं.

ते नसलं की माणसं स्वतःच भांडतात. बेलारूसच्या मारिया कालेस्निकावा या बासरीवादक. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना पकडून युक्रेनच्या सीमेवर नेलं आणि बाहेर ढकलू लागले, तेव्हा त्यांनी आपला पासपोर्ट फाडून टाकला. पासपोर्ट नाही तर हद्दपारी नाही. वर्षभराने ११ वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बेलारूसच्या विमान कंपनीवरचे निर्बंध उठवले आणि त्याच वेळी ५२ कैदी लिथुआनियाच्या सीमेवर आणून सोडले गेले. एकजण उतरला आणि पुढे जायला तयार होईना. मिकोला स्तात्केविच, २०१० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले. दोन देशांच्या चौक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ते काही तास थांबले आणि मग मागे वळून बेलारूसमध्ये गेले, जिथे तुरुंगाशिवाय दुसरं काही वाट पाहत नव्हतं.

आणि काहींना कुणी सीमेपर्यंतही आणत नाही. बॉनच्या त्या परिषदेत याशिन वारंवार एक नाव घेत होते, अलेक्सेई गोरिनोव. मॉस्कोच्या क्रास्नोसेल्स्की प्रभागात दोघे सहकारी नगरसेवक होते. मार्च २०२२ च्या सभेत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला तेव्हा गोरिनोव म्हणाले की तिकडे युक्रेनमध्ये मुलं मरत असताना इथे कसली स्पर्धा. त्या बोलण्याला सात वर्षं. त्यांच्या एका फुप्फुसाचा भाग काढलेला आहे. माझ्या जागी त्यांना आणायला हवं होतं, असं याशिन म्हणाले. गोरिनोव यांच्यासाठी कुठल्या परक्या सरकारने क्रासिकोव देऊ केला नाही. त्यांच्याजवळ परदेशी पासपोर्ट नाही, मोठं नाव नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुरुंगातल्याच संभाषणावरून त्यांच्यावर दुसरा खटला चालला आणि शिक्षा वाढली.

त्यांच्यासारख्यांना पत्रं जातात. पत्र रशियन भाषेतच असावं लागतं, नाहीतर तुरुंगाचा सेन्सॉर ते पुढे देत नाही. म्हणून आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांना इथे काम मिळालं आहे. जर्मन, इंग्रजी, क्वचित मराठीतूनही लोक मजकूर पाठवतात आणि आम्ही तो रशियनमध्ये उतरवतो. युद्धाबद्दल आणि खटल्याबद्दल लिहायचं नाही, कारण त्याचा त्रास कैद्याला होतो. झाडं, पुस्तकं, स्वयंपाक, बुद्धिबळ, पाऊस यांबद्दल लिहायचं आणि आत उत्तरासाठी कोरा कागद घालायचा. पुण्यामुंबईत रशियन शिकलेली बरीच मुलंमुली आहेत. त्यांनी महिन्याला एक पत्र लिहिलं तरी ते एखाद्या कोठडीत पोचतं.